डॉक्टरांच्या ऑस्टिनला पांढरा रंग

बसवकल्याणच्या डॉक्टर अच्युतरावांची ऑस्टिन गाडी गाव न सोडता तीन राज्यांत राहून आली. घेतली तेव्हा हैदराबाद होतं, छप्पन साली म्हैसूर आलं, पुढं म्हैसूरचं कर्नाटक झालं. दर वेळी नंबरप्लेट बदलली. इंजिनाला पत्ताही लागला नाही.

पोलीस ॲक्शननंतर गाशा गुंडाळणाऱ्या एका जहागीरदारानं ती डॉक्टरांना विकली होती. तेव्हा ती काळीभोर होती म्हणतात. शहात्तर सालापर्यंत टप राखेसारखं पांढुरकं झालं, दारं विटकरी झाली आणि बॉनेट पाहून कढईचं बूड आठवू लागलं. एका मडगार्डला बैलाच्या शिंगाचा पोचा होता. डाव्या दिव्यावर हळदकुंकवाचा थर जमला होता, कारण जिचं पोर डॉक्टरांच्या औषधानं वाचायचं, ती बाई पुढच्या फेरीला येऊन दिव्याला बोट लावून जायची. डॉक्टरांना कुणी लावत नसे. ते अंगात कोट घालत आणि कोटाला डाग पडतात.

दर मंगळवारी डॉक्टरांची खेड्यांची फेरी असे. तिचा निरोप कधी कुणाला धाडावा लागला नाही. धुरळ्यातून तो विटका डबा दिसला की दुखणेकरी आपण होऊन रस्त्याच्या कडेला येऊन बसत. मोठी माणसं बॉनेटला टेकून छाती दाखवत, पोरांना बॉनेटवरच बसवलं जाई. इंजिनाच्या उबेनं पोरं जरा गप्प राहत, हा डॉक्टरांच्या उपचाराचाच एक भाग समजला जात असे.

त्या वर्षी डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि त्यांचे चिरंजीव हणमंतराव गुलबर्ग्याहून एम.बी.बी.एस. होऊन आले. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास झाल्यामुळं घरात आनंद मानायचा की काळजी करायची, हे ठरायला वेळ लागला. शेवटी अच्युतरावांनी औषधांची पेटी, गाडी आणि गाडी चालवणारा पिराजी या तिन्ही गोष्टी मुलाच्या हवाली केल्या. पेशंटही आपोआप हवाली होतील, असा त्यांचा समज होता.

पहिल्या मंगळवारी गाडी तळेवाडीच्या फाट्यावर थांबली. लोक नेहमीसारखे जमले. वाकून आत बघितलं.

"डाक्टर कुठंयत?"

"मीच डॉक्टर," हणमंतराव म्हणाले.

"व्हय. पर डाक्टर?"

"वडील आता फेरीला येणार नाहीत. तुमचं काय दुखतंय?"

"पोट हाय. ऱ्हाऊ द्या. डाक्टर आले की दाखवतो. पोटच हाय, कुठं जायलंय?"

महिनाभर हेच चाललं. लोक यायचे, चौकशी करायचे, मोठ्या डॉक्टरांना नमस्कार सांगायचे आणि आपापली दुखणी सांभाळत परत जायचे. हणमंतरावांना डॉक्टर म्हणून कुणी हाक मारत नव्हतं. 'डाक्टरचं पोरगं' एवढीच त्यांची पदवी. गुलबर्ग्याची पदवी दवाखान्यात काचेमागं टांगलेली होती आणि तळेवाडीतून ती दिसत नव्हती.

विचार करता करता हणमंतरावांना कारण सापडलं. दोष गाडीचा होता. तिच्यात जो बसेल तो अच्युतरावांचा पोरगाच दिसणार. त्यांनी गाडी रंगवायचं ठरवलं.

"कशाला?" अच्युतरावांनी विचारलं. ते ओसरीवर डोळे मिटून बसले होते. उघडून फारसा फरक पडत नव्हता.

"अण्णा, लोक मला तुमचा मुलगा समजतात."

"आहेसच की."

"म्हणजे तेवढंच समजतात. गाडी बघा जरा."

"दिसत असती तर बघितली असती. हणमंता, माणूस अनोळखी मांडवात लग्नाला जातो, दुखणं घेऊन अनोळखी दारात जात नाही. लांबून गाडी ओळखतात, म्हणून जवळ येतात."

"जवळ येतात आणि परत जातात!"

"येतात तर खरं."

यावर हणमंतरावांनी पिराजीकडं पाहिलं. पिराजी वीस वर्षं ती गाडी चालवत होता आणि अच्युतरावांच्या बाजूनं बोलेल अशी सगळ्यांची खात्री होती. पण पिराजीची स्वतःची काही दुःखं होती.

"रंगवाच साहेब," तो म्हणाला. "परवा सासुरवाडीला गेलतो. मेव्हणा म्हनला, भावजी, ह्या गाडीत तुमी डायवर दिसंनात, पेशंट दिसायलाव."

दोन विरुद्ध एक झालं. अच्युतरावांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

गाडी चाँदपाशा पेंटरकडं गेली. चाँदपाशा एरवी ट्रकवर मोर काढी आणि दुकानांच्या पाट्या लिही, पण गाडीचं काम त्यानं मन लावून केलं. आधी सगळा जुना रंग घासून काढला, लोखंड उघडं केलं, बैलाचा पोचा पुट्टी भरून बुजवला. डाव्या दिव्यावरचं हळदकुंकू मात्र काही केल्या निघेना, तेव्हा त्यानं दिव्याची तबकडीच बदलली.

"रंग कौनसा, डॉक्टरसाब? काला?"

"पांढरा," हणमंतराव म्हणाले. गुलबर्ग्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या गाड्या त्यांनी पांढऱ्या पाहिल्या होत्या. "आणि दोन्ही दारांवर लाल फुली. दवाखान्याची असते तशी."

चाँदपाशा क्षणभर घुटमळला. "लाल?"

"लालच. लांबून दिसली पाहिजे."

गिऱ्हाईक शिकलेलं असलं की चाँदपाशा सल्ला देत नसे. फुली लांबून दिसेल अशी त्यानं काढली.

आता हे साल शहात्तर होतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. हणमंतरावांनाही माहीत होतं, पण कॅलेंडरवरून. सरकारनं नसबंदीचं मनावर घेतलं होतं. खेड्यांत पांढऱ्या गाड्या फिरत, त्यांच्यावर लाल त्रिकोण असे आणि ती गाडी येऊन गेली की गावातली काही माणसं हळूहळू चालताना दिसत. लांबून लाल ते लालच. फुली आणि त्रिकोण यांतला फरक बघायला कुणी थांबत नव्हतं.

मंगळवारी नवी कोरी ऑस्टिन तळेवाडीच्या फाट्यावर वळली आणि पिराजीनं हौसेनं हॉर्न वाजवला. गावातून एक ओरड उठली. बघता बघता सगळे बाप्ये शेतांकडं पळत सुटले. तुरी डोक्याइतक्या वाढल्या होत्या, त्यांत माणसं शिरली आणि दिसेनाशी झाली. एकाची चप्पल रस्त्यात पडली, ती घ्यायला तो परतला नाही.

फाट्यावर उरली ती चांगुणाबाई. पाठीला बाक आलेली, कंबरदुखीची जुनी पेशंट. ती दगडावर बसून होती.

"लोक कामून पळायलेत, अक्का?" पिराजीनं विचारलं.

"तुमी कामून आलाव?" म्हातारी म्हणाली. "मला न्याचं आसलं तर न्या. माजं समदं उरकून चाळीस वरसं झाली. सरकारला काय पायजेल ते घ्या."

"आजी, मी तुम्हाला तपासायला आलोय," हणमंतराव खाली उतरत म्हणाले.

"तपासनारे आमचे येगळे हायेत. आज डाक्टरची गाडी येत असती. तुमी गाडी बाजूला घ्या, तिला वाट द्या."

"अगं अक्का, हीच ती गाडी! मी पिराजी!"

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग तिचा आवाज खाली आला.

"पिराजी, तुला बी धरलं व्हय रं सरकारनं?"

त्या दिवशी पुढच्या गावांतही तुरीच तेवढ्या हलताना दिसल्या. घरी हणमंतरावांनी चाकूनं दाराची फुली खरवडून पाहिली. खालून लोखंड निघालं. काळा नाही, विटकरी नाही, काहीच नाही.

"खाली जुना रंग निघतोय का?" अच्युतरावांनी ओसरीवरून विचारलं.

"नाही."

"चाँदपाशा काम चांगलं करतो," अच्युतराव म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "पुढच्या खेपेला मी येऊन बसू का पुढच्या सीटवर?"

"नको."

"मग कसा जाणार?"

"चालत," हणमंतराव म्हणाले. रागात म्हणाले होते, पण पुढच्या मंगळवारी खरंच तसं झालं. गाडी फाट्यावर उभी केली, पिराजीला तिच्याजवळ ठेवलं आणि पेटी स्वतः उचलून ते पायी तळेवाडीत शिरले. सरकारचा माणूस पायी येत नाही, हे गावाला माहीत असल्यामुळं कुणी पळालं नाही. पण कुणी जवळही आलं नाही. ते देवळाच्या पायरीवर पेटी उघडून बसले आणि एका कुत्र्याखेरीज कुणी त्यांना हुंगायलाही आलं नाही.

त्याच दुपारी सरकारची खरी गाडी आली. पिराजी ऑस्टिनच्या फूटबोर्डावर बसून बिडी ओढत होता. गाडीतल्या साहेबानं मान बाहेर काढली, पांढरा रंग पाहिला, लाल फुली पाहिली.

"इथं दुसरी पार्टी लागली का?"

"व्हय," पिराजी म्हणाला. त्याला डॉक्टरांविषयी विचारलंय असं वाटलं. "साहेब आत गावात बसलेत. सकाळपासून."

"च्! पुढच्या गावाला चला," साहेब ड्रायव्हरला म्हणाला. नसबंदीचा आकडा ज्याला त्याला भरायचा होता, एका गावातल्या केसेस दोघांनी वाटून घेणं कुणालाच परवडत नव्हतं. गाडी निघून गेली.

खऱ्या गाडीची चाहूल लागताच तुरीत शिरलेले बरेच जण हे सगळं बघत होते. दुसऱ्याच दिवशी तळेवाडीचे रेवणसिद्धप्पा पाटील धोतराचा सोगा सावरत बसवकल्याणला दवाखान्यात हजर झाले. सोबत आजूबाजूच्या गावांचीही माणसं होती. हणमंतरावांना वाटलं, साथ आली.

"तसं दुखणं न्हाई," पाटील म्हणाले. "गाडी पायजेल."

"कशाला?"

"फाट्यावर लावाया. तुमी कशाला तरास घेताव? पिराजी तेवढा लावून द्या. डिझेल आमी देऊ."

"पेट्रोल," पिराजी म्हणाला.

"पेट्रोल देऊ."

हणमंतरावांनी टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलून गळ्यात घातला. आतल्या खोलीत अच्युतराव खोकले. तो खोकला होता की हसू, हे कळायला मार्ग नव्हता.

"गाडी येईल," हणमंतराव म्हणाले. "पण माझ्यासोबत येईल. फाट्यावर जितका वेळ गाडी, तितका वेळ मी गावात. आणि ज्याला जे दुखतंय त्यानं येऊन दाखवायचं. नुसतं बघत उभं राहायचं नाही."

"काईच दुखत नसलं तर?"

"तर गाडी दुसऱ्या गावाला."

पाटलांनी सोबतच्यांकडं पाहिलं. "दुखंल," ते म्हणाले.

अशा रीतीनं हणमंतरावांची प्रॅक्टिस सुरू झाली. सुरुवातीला लोक नाइलाजानं आले, गुडघा-डोकं असं काहीतरी जुजबी घेऊन. मग पोटवाल्याचं पोट आलं. एकदा एका पोराला धाप लागलेली निघाली, त्याला रातोरात गुलबर्ग्याला पोचवावं लागलं. पोरगं जगलं. पण सगळ्यांना ठाऊक होतं आणि हणमंतरावांना तर जास्तच, की गाव उभं असतं ते गाडीपायी. अच्युतराव संध्याकाळी विचारत, "आज किती?" आणि आकडा ऐकून फक्त "हं" म्हणत.

मार्चात निवडणुका झाल्या आणि दिल्लीतलं सरकार गेलं. लाल त्रिकोणाच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. फाट्यावर पांढरी गाडी उभी करायचं आता कुणालाच कारण उरलं नाही. पहिल्या मंगळवारी हणमंतराव निघालेच नाहीत. दुसऱ्या मंगळवारीही त्यांनी दुपारपर्यंत दवाखान्यातली बाटल्यांची कपाटं लावली.

"साहेब, जायाचं न्हाई का?" पिराजीनं विचारलं.

"कोण येणार आहे पिराजी?"

"बघून तर येऊ. न्हाईतर म्या घरी जातो."

ऊन उतरताना ते तळेवाडीला पोचले. तुरी केव्हाच कापल्या होत्या, रानं मोकळी पडली होती, लपायचं म्हटलं तरी कुणाला जागा नव्हती. चांगुणाबाई दगडावर कंबर धरून बसली होती. तिच्यामागं पाचसहा माणसं उकिडवी बसली होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकसारखा वैताग होता.

"लय उशीर केलाव डाक्टर," म्हातारी म्हणाली. "मागल्या मंगळवारी बी न्हाई, आज बी हे असं. मानसानं दुखनं किती दिस धरून बसायचं?"

हणमंतरावांनी पेटी उघडली आणि म्हातारीला उभं राहायला सांगितलं.