साहेबांच्या खुर्चीचं पाणी

आमच्या धाकट्याच्या जिभेला हाड नाही, हे आईने तो बोलायला लागला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. पुढे त्याच जिभेवर त्याचं घर चाललं आणि माझंही. रात्री टीव्हीवर लोकांना हसवणारा तो माझा भाऊ, आणि त्याच्या सेटवरचं सामान सांभाळणारी मी. रात्रीचा कार्यक्रम म्हणतात, पण आम्ही तो भर दुपारी जेवणं उरकून करायचो. मागच्या खोट्या खिडकीतला खोटा चंद्रसुद्धा मीच पुसायचे.

सेटवर सोफ्याशेजारी एक खुर्ची असायची. साहेबांची. साहेब म्हणजे राज्य चालवणारे साहेब. ते एकदा कार्यक्रमाला येतो म्हणाले आणि आलेच नाहीत, तेव्हापासून धाकट्याने खुर्ची राखून ठेवली. रोज बँड वाजला की मी ट्रेमधून पाण्याचा ग्लास न्यायचे, खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवायचे आणि धाकटा कमरेत वाकून म्हणायचा, "साहेब, पाणी तरी घ्या!" बस्स, एवढंच. एवढ्यावर लोक नऊ वर्षं पोट धरून हसले.

मग वरून फोन आला. वाहिनीच्या मालकांना परवाना वाढवून हवा होता, त्यामुळे आमचा कार्यक्रम शिळा झालाय हे त्यांना एकदम कळलं. शुक्रवारी शेवटचा भाग म्हणाले. त्यालाही अट: साहेबांबद्दल एक शब्द जरी निघाला, तर भाग दाखवणार नाही. लक्ष ठेवायला त्यांनी एक माणूस पाठवला. त्याला आम्ही कात्री म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

मी तर पेटलेच. म्हटलं, "मार लाथ त्यांच्या अटीला! बोलून घे काय बोलायचं ते."

"नको गं ताई. नऊ वर्षं लोकांच्या घरात जाऊन बसलो. निघताना 'येतो' म्हणायचं नाही? तेवढं दिसू दे लोकांना. मी गप्प बसेन."

हा आणि गप्प! लहानपणी गोवर आला होता तेव्हासुद्धा बडबडत होता. पण या वेळी चेहरा एवढासा झाला होता त्याचा. शेवटी वाकवलंच माझ्या भावाला, या विचाराने मला इतकं रडू आलं की मी उगाच दिवेवाल्यावर खेकसले.

शुक्रवारी कात्रीने खुर्ची हलवायला लावली. मीच उचलली, स्टुलासकट गोदामात नेऊन ठेवली. परत येऊन बघते तर काय, दिव्यांनी सगळा गालिचा विटलेला आणि खुर्चीखालचा चौकोन तेवढा कोरा करकरीत!

"हे झाका," कात्री म्हणाला.

"गालिचा कशाने झाकू? गालिच्याने?"

त्याने डोळे वटारले आणि आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसला.

कार्यक्रम सुरू झाला. धाकट्याने हवेवर विनोद केले, स्वतःच्या गुडघ्यांवर केले, माझ्या स्वयंपाकावर केले. लोक हसत होते, पण तोंडदेखलं. सगळ्यांचे डोळे त्या चौकोनावर. आणि मग बँड वाजला.

आता काय सांगू? पाय निघाले! डोक्याला कोणी विचारलंच नाही. भानावर आले तेव्हा मी भर प्रकाशात उभी, हातात ट्रे, ट्रेमध्ये ग्लास, आणि समोर ना खुर्ची ना स्टूल. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ठेवू कुठे? मागे वळले, मग वाटलं असं कसं परत न्यायचं, पुन्हा पुढे आले. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. आणि मग जे सुटले सगळे!

मेले, संपलं सगळं, मीच याचं वाटोळं केलं, असं म्हणत मी धाकट्याकडे पाहिलं. त्याने ओठ गच्च मिटलेले, तोंड लालबुंद, खांदे गदागदा हलतायत. पण शब्द? नाव नको. त्याने माझ्या हातून ग्लास घेतला, सावकाश चालत गेला, त्या कोऱ्या चौकोनाच्या मधोमध अलगद ठेवला आणि कमरेत वाकला.

लोक उभे राहिले. बाया डोळे पुसत होत्या, बँडमधला ढोलवाला आपल्या बैठकीवरून खाली आला होता, मी रिकामा ट्रे तोंडावर धरून खिंकाळत होते. हसू थांबेचना. थांबलं तेव्हा धाकटा लोकांकडे वळला आणि एवढंच म्हणाला, "बरं. येतो हं."

कात्री धावत आला. "काय बोलला तो? कुठे बोलला?" टेप पुन्हा पुन्हा पाहिली. कापायला शब्दच नाही!

"पाणी ठेवलंय त्याने," तो म्हणाला.

"कोणासाठी?" मी विचारलं.

त्याने तोंड उघडलं. मिटलं. नाव घेतलं असतं, तर ते त्या दिवशी त्यानेच पहिल्यांदा घेतलं असतं. मग मेल्याच्या मिशीतच काहीतरी फिस्सकन झालं. भाग जसाच्या तसा दिसला.

सोमवारी नळाची तक्रार घेऊन मी सरकारी कचेरीत गेले. अधिकाऱ्यांची खुर्ची नेहमीसारखीच रिकामी. पण टेबलावर, खुर्चीसमोर, काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास! शिपाई छताकडे बघतोय. रांगेतले आजोबा रुमाल तोंडात कोंबून उभे. कोणी म्हणजे कोणी एक शब्द बोलत नव्हतं.

मी धाकट्याला फोन लावला. तो घरी बसून मटार सोलत होता, तीन दिवस कोणाशी धड बोलला नव्हता.

"काय गं ताई? बोल ना. रडतेस का?"

"हो," मी कसंबसं म्हटलं. "तू आधी इकडे ये. येतो म्हणाला होतास ना?"