तेवीस दिवसांच्या माश्या

थंडीच्या खोलीत नाओमीला खोकला ऐकू यायचा. बारीक, कोरडा, दोनदा येऊन थांबणारा. तिची लेक नुरीत जाऊन तीन महिने झाले होते, आणि इस्रायलात रामल्याजवळच्या त्या प्रयोगशाळेत खोकणारं दुसरं कुणी नव्हतं. यंत्र असेल, असं नवरा गर्शोन म्हणे. सगळं यंत्रावर ढकललं की पुरुषांना झोप लागते. नाओमीला मात्र आपल्या पोरीचा खोकला कळत होता.

तिचं काम गांधीलमाश्या पोसायचं. डंख मारणाऱ्या नव्हेत. तिळाहून बारीक, पिवळ्या. संत्र्याच्या झाडावर खवले कीड बसते, तिच्या अंगावर ही माशी अंडं घालते आणि पिल्लू कीड खाऊन मोठं होतं. बागेत सोडेपर्यंत माश्यांचे कोष बरण्यांतून थंडीत निजवायचे. पण दोन आठवड्यांवर एक दिवस नाही, असा हाइमसाहेबांचा दंडक होता.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत तिनं बरण्या आत ठेवल्या आणि दुसऱ्याच दिवशी नुरीतला ताप भरला. नऊ दिवस इस्पितळात गेले, मग सात दिवस सुतकात जमिनीवर बसण्यात. साहेब राखीव फौजेत गेलेले, प्रयोगशाळेची किल्ली नाओमीकडे. "कोणाकडे तरी देऊन येऊ काय?" गर्शोननं विचारलं. त्याच्या रेवदंड्याच्या राहेलआत्यानं अडवलं.

"सात दिवसांत मयताच्या घरातली वस्तू बाहेर जात नाय. दुसऱ्याच्या दारात मरण धाडायचंय तुला?"

दुःखात कुणी नियम सांगितला की बरंच वाटतं, विचार करावा लागत नाही. किल्ली घरातच राहिली. सात दिवसांनंतरही नाओमी पाच दिवस अंथरुणातून उठली नाही.

ती परतली तेव्हा बरण्यांना तेवीस दिवस झाले होते. फेकून द्यायच्या, एवढंच काम होतं. तिनं पहिली उचलली, आणि तो खोकला तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. काच गार होती. इस्पितळात शेवटी पोरीचा हात असाच लागला होता. चोळू द्या म्हटलं, तर नर्सनं तिला बाजूला सारलं होतं. इथं सारायला कुणी नव्हतं. तिनं बरणी स्वेटरखाली पोटाशी धरली.

"ऊठ गो बाय," ती म्हणाली.

दुपारपर्यंत एकेका बरणीतल्या माश्या उठल्या, चालल्या, उडाल्या. नाओमीला इतका आनंद झाला की तिची तिलाच भीती वाटली. तिनं बरण्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या खरवडल्या, बारा दिवस मागे मोजले आणि थंडीत ठेवल्याची नवी तारीख घातली.

त्या माश्या तिच्या थोरल्या भावाच्या बागेत सोडल्या. मेनाशे मुंबईची गिरणी सोडून इथल्या सहकारी गावात संत्री लावून बसला होता. शेजाऱ्यांनी औषध फवारलं. यानं बहिणीच्या शब्दावर नाही म्हटलं, कारण औषधानं माश्याही मरतात. गावाच्या समितीनं बजावलं, मे अखेरच्या शावुओतच्या सणापर्यंत कीड हटली नाही तर बाग तोडायची.

सणाला आठवडा उरला तेव्हा नाओमी भिंग घेऊन बागेत गेली. पानांवर किडीच्या तांबूस खपल्या दाट बसल्या होत्या. बागेत जन्मलेल्या माश्या तिनं भिंगाखाली धरल्या, एका झाडाच्या, दुसऱ्या, दहाव्या. सगळे नर.

"काय झालं?" मेनाशेनं विचारलं.

"सगळे मुलगे आहेत, दादा. यांच्यात अंड्याला नराचं बीज मिळालं तरच मुलगी होते, नायतर मुलगा. थंडीत जास्त दिवस ऱ्हायलेला नर दिसायला धडधाकट असतो, पण बीज मेलेलं. आणि मुली नाय, तर अंडी घालणार कोण?" तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. "तेवीस दिवसांच्या होत्या त्या. मी तारीख खोटी घातली. तुझी बाग मी खाल्ली."

"नव्या माश्या?"

"महिना लागेल."

मेनाशेनं एका पानावरची खपली नखानं खरवडली. "चिठ्ठीवर तू घातलेली तारीख मी तेव्हाच वाचली," तो म्हणाला. "त्या दिवशी आपण नुरीतला माती दिली. त्या दिवशी तू कामावर कशी असशील?"

नाओमीला आत्ता कळलं, बारा दिवस मागे मोजताना आपण कुठे जाऊन पोचलो होतो.

"मग सोडू कशाला दिल्यास?"

"बरण्या घेऊन आलीस तेव्हा तू हसत होतीस, बाय," मेनाशे म्हणाला, आणि कुऱ्हाड आणायला घराकडे गेला.