सात नंबर

हिवाळ्यात सकाळी नऊच्या कोवळ्या उन्हात दशरथमामांचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचा. आधी त्याच्या टेपवरच्या ढोलकीची थाप, मग तोडलेल्या उसाचा ओला, गोडसर वास, आणि मग कुठं धुक्यातनं दोन ट्रॉल्यांचा तो हिरवा डोंगर डुलत डुलत पुढं यायचा. मामा आमच्या आळीतले, कारखान्याला ऊस वाहणारे. मला कॉलेजला जायला दौंडची बस पाटसला धरावी लागायची, म्हणून अख्खा हंगाम मी त्यांच्या शेजारी मडगार्डवर बसून गेले.

मामा बोलायचे कमी. त्यांचं बोलणं बोटांत होतं: स्टिअरिंगवर तर्जनीचा ठेका, चढाला संथ, उताराला अधीर, आणि समोरून एसटी आली की मध्येच श्वास रोखून धरलेला. पेनड्राइव्हमध्ये अकरा गाणी, रोज त्याच क्रमानं. कालव्याच्या पुलावर भक्तिगीत, बाभळींपाशी लावणी, हायवे दिसला की सनई.

मी तेव्हा कादंबरी लिहीत होते. मोबाईलवर, दोन अंगठ्यांनी, धडाधड! आणि खरं सांगते, ती त्या पेनड्राइव्हनंच लिहिली. एक गाणं, एक प्रकरण. लावणी असली की वाक्यं आखूड, ठसक्यात पाय आपटणारी. सनई असली की एकच वाक्य पानभर लांबत जायचं, पूर्णविराम द्यायला हात धजायचा नाही. घरी मी तीच गाणी त्याच क्रमानं मोबाईलवर लावून घेतली. दहाच झाली. सातवं मी ऐकलेलंच नव्हतं. सहावं संपत आलं की मामांची मान जराशी ताठ व्हायची, सातव्याची खरखर सुरू होते न होते तोच अंगठा बटणावर, आणि आठवं सुरू.

माझंही सातवं प्रकरण अडलं. शेवटी विचारलंच.

"मामा, हे गाणं का ओ रोज पुढं ढकलता?"

"गाणं न्हाई ते. तुझ्या मामीचा आवाज हाय."

मामी कवठे येमाईला माहेरी गेली ती परतलीच नाही; का, ते आळीत कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी मामांनी बटण दाबलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज, त्यावर तरंगणारं शब्द नसलेलं गुणगुणणं, आणि मध्येच लटक्या रागानं, "ठेवा की तो मोबाईल, भाकर करपंल!" एवढंच. मामा समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले.

"कुणाला बोलू नगंस," म्हणाले.

त्याच दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत मी सातवं प्रकरण एका दमात लिहिलं. दशरथचं नाव जगन्नाथ केलं आणि मला वाटलं, झालं! लगेच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दम निघेना. वाहवा येत होती आणि मी बसमध्ये एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी पाटसच्या फाट्यावर, चहाला थांबलेल्या ट्रॅक्टरांमधून कुणीतरी ओरडलं, "ओ मामा, सात नंबर लावा की! भाकरीचं गाणं!"

"आन् मामीला बोलवा, करपली म्हनावं!"

हशा उसळला. मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वाकून पेनड्राइव्ह उपसला, खिशात टाकला. सनई मध्येच तुटली.

चार दिवसांनी मी त्यांच्या दारात गेले.

"मामा, मी ते ग्रुपवरनं डिलीट केलं ओ."

"मी बी केलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पण तुमच्या मोबाईलमध्ये तरी असंल ना मामीचा आवाज?"

"तो कवाच मोडला. तेवढंच व्हतं." मग उंबऱ्यातून उठत म्हणाले, "जा आता. बस जाईल तुझी."

प्रकरण चांगलं झालंय. वाचलेला प्रत्येकजण तेच म्हणतो, आणि तेच टोचतं. मामीच्या गुणगुणण्यावर मी तीन पानं लिहिलीत, उपमांवर उपमा रचल्यात, पण डोळे मिटले तर मला स्वतःला ते ऐकू येत नाही. काळ माणसाचा चेहरा सावकाश नेतो, थोडा थोडा. आवाज मात्र कुणी जपला नाही तर एका झटक्यात नेतो. मामीचा आवाज जपणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडून तो घेऊन मी अशा जागी ठेवला जिथं काहीच वाजत नाही.