दादाच्या नावाचं तिकीट

"ओळखपत्र," खिडकीतून हात बाहेर काढत ती म्हणाली.

"अगं, मी तुझा भाऊ आहे."

"खिडकीच्या आत मला भाऊ नाही. ओळखपत्र."

दादाने खिसे चाचपले. वरचा, आतला, मागचा, आणि पुन्हा वरचा. याच खिशांतून एके काळी तिकिटांच्या गड्ड्या निघत, आणि कुठल्या खिशात कुठल्या स्टँडची तिकिटं आहेत हे तो डोळे मिटून सांगे. स्वतःचं नाव असलेलं कार्ड मात्र सापडेना. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. शेवटी ते निघालं, वहिनीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावून दिलेलं.

तिने नाव ताडलं. फोटोही पाहिला. फोटोत तो जरा जास्तच सरळमार्गी दिसत होता. तिने शिक्का मारून तिकीट सरकवलं.

"माझं नाव," तो वाचत म्हणाला. "आडनावासकट."

नवा कायदा आल्यापासून मोठ्या फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांवर नाव छापलेलं असे, आणि फाटकावर ते ओळखपत्राशी ताडून पाहत. सोडतीत लागलेली तिकिटं तिच्या खिडकीवर मिळत. येणं जमत नसेल तर ती इथेच छापील किमतीला परत करायची, आणि खिडकीने त्याच किमतीला रांगेतल्या पुढच्याला द्यायची. मध्ये कुणी हात घालायचा नाही. घातला तर पहिल्यांदा दंड, दुसऱ्यांदा तुरुंग.

दादाचं पहिल्यांदा झालेलं होतं.

स्टेडियमबाहेर सगळे त्याला 'डबल' म्हणत. तिची शाळा, तिचं लग्न, आईचं औषधपाणी, सगळं या फुटपाथवरच दुप्पट होऊन घरी आलं होतं. म्हणून कायद्याबद्दल बोलताना ती आवाज खाली ठेवी. पण कायदा बरोबर आहे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पोराला खांद्यावर बसवून आलेला बाप काळ्या बाजारातला आकडा ऐकून पोराला गुपचूप खाली उतरवतो, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते या खिडकीतून नीट दिसे. फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नाही. त्याची नजर पुढच्या गिऱ्हाइकावर असते.

"फायनलच्या दिवशी हे काही घरात राहायचे नाहीत," वहिनी म्हणाली होती. "खाटेला बांधलं तर खाट घेऊन जातील."

"मग आत बसवू," ती म्हणाली होती. बाहेर साध्या वेशातले पोलीस फिरणार. आत बसलेल्याला कोण पकडणार? दोघींनी सोडतीत त्याचं नाव घातलं, ते लागलं, आणि नणंद-भावजय अनेक वर्षांत पहिल्यांदाच एका गोष्टीवरून एकमेकींवर खूश झाल्या.

दादा खिडकीपासून हलतो न हलतो तोच चकचकीत बूट घातलेला एक गृहस्थ त्याला चिकटला.

"कितीला?"

"नाव माझं आहे."

"नावाचं मी बघतो. फाटकावर आपला माणूस आहे." पुढचा आकडा त्याने हळू सांगितला, पण खिडकीच्या धंद्यात आकडे ऐकू येतातच.

दादाचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. हा अंगठा ती लहानपणापासून ओळखत होती. दादा 'नाही' म्हणत असला तरी अंगठ्याचा हिशेब आधी होऊन गेलेला असे. हाक मारावी तर रांग ऐकेल, पोलिसाला सांगावं तर दोघंही जातील. तिने दोन्ही तळवे टेबलावर दाबून धरले.

"पुढचे," ती म्हणाली.

पुढच्याचं नाव तिला दोनदा वाचावं लागलं. मान वर केली तेव्हा दादाची पाठ फाटकाच्या वळणावर दिसली, आणि त्याच्या शेजारी ते बूट. मग गर्दीने दोघांनाही गिळलं.

तिने वहिनीला फोन लावला. "गेला आत."

"आत म्हणजे आत? दार लागलेलं पाहिलंस?"

"वहिनी, स्टेडियम आहे, कोंबड्यांचं खुराडं नाही." तिचा आवाज इतका ठाम होता की तिलाही बरं वाटलं.

सामना सुरू झाला. रांग विरली. तिने 'खिडकी बंद' पाटी लावली, काच खाली ओढली आणि शिक्के पुसायला घेतले. तिची खिडकी रस्त्याकडे तोंड करून होती. इतकी वर्षं नोकरी झाली, पण एकही सामना तिने पाहिलेला नव्हता. भिंतीपलीकडून नुसती गाज येई.

काचेवर टकटक झाली. बाहेर दादा उभा होता.

तिने काच वर केली. हातातलं फडकं तसंच राहिलं. "तिकीट कुठंय?"

"सांगतो. पाणी दे आधी."

"दादा, तिकीट."

"काय डबल," मागून आवाज आला. "आजसुद्धा?"

दंड लावला होता तोच हवालदार. एका कानात वॉकीटॉकीची वायर, कपाळावर घाम. त्याने खिडकीतल्या तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "रिकामे कर खिसे. सगळे. मला पाठ आहेत."

दादाने खिसे उलटे करायला सुरुवात केली. रुमाल. किल्ली. रबर लावलेली पिशवी. ती प्रत्येक वस्तूकडे पाहत होती, आणि नोटा निघतील त्या क्षणी काय बोलायचं ते मनात जुळवत होती. काहीच जुळत नव्हतं. शेवटच्या खिशातून एक चतकोर कागद निघाला. कडेला फाटलेला.

हवालदाराने तो उलटसुलट केला. "तुझ्या नावाचं?"

"आडनावासकट."

"फाडलेलं आहे."

"फाटकावरच्या पोरीने फाडलं. म्हणाली, या काका." दादाने किल्ली परत खिशात टाकली. "त्या फाटकावर मला आजवर कुणी या म्हटलेलं नाही, साहेब."

तिने फडकं खाली ठेवलं.

"आणि तो बूटवाला?" तिने विचारलं.

"त्याला तुझी रांग दाखवली. रांगेत उभं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं."

"मग बाहेर काय करतोस?" हवालदार म्हणाला. "एकदा बाहेर पडलास की परत सोडत नाहीत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." दादाने खिडकीखालचा रिकामा खोका पायाने ओढला आणि भिंतीला टेकून बसला. "आत हात कुठे ठेवायचे तेच कळेना. विकायचं काही नाही, कुणावर नजर ठेवायची नाही. दोनदा उठून मागे पाहिलं तर मागचा म्हणतो, खाली बसा. आणि एवढं सगळं डोळ्यांसमोर चाललेलं असलं की ऐकू काही येत नाही."

शाळा सुटली की ती याच भिंतीशी बसून गृहपाठ करायची. दादा गिऱ्हाइकं करता करता मध्येच येऊन सांगून जायचा, आत आता काय झालं ते. तिला तेव्हा वाटे, त्याला भिंतीतून दिसतं.

आत एक मोठा आवाज उठला आणि वर जाऊन मध्येच फुटला.

"खांबाला लागला," दादा म्हणाला.

हवालदाराने कानातली वायर दाबली, ऐकलं. "खरंच की रे. गोल असता तर?"

"तर पूर्वेकडचा स्टँड आधी उठला असता. आता थांबा, कॉर्नर आहे."

हवालदाराने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग तो खिडकीच्या कठड्याला कोपर टेकून उभा राहिला. "आणि याचं तिकीट कितीला?"

"ऐकायला किंमत छापलेली नाही, साहेब. म्हणून जास्तही घेता येत नाही."

तिने पाण्याची बाटली बाहेर दिली, आणि काच खाली न ओढता खुर्ची खिडकीला लावून घेतली. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"बसलेत ना गं जागेवर?"

तिने खाली पाहिलं. खोक्यावर दादा, भिंतीला डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले. हात मांडीवर स्वस्थ पडलेले, अंगठासुद्धा.

"बसलाय," ती म्हणाली. "जागेवर."

आत सगळं स्टेडियम एकदम गप्प झालं. दादाने डोळे न उघडता, ऐका म्हणावं तसं, एक बोट वर केलं, आणि तिने फोन खाली ठेवला.