निम्मं आटवलेलं पाणी

अंबुजाबाईंचं कुठलंही काम अर्धवट नसायचं. लेकीने तपासणीसाठी बाटलीभर पाणी मागितलं, तर त्यांनी बाटली तीनदा घासली, पाणी उकळून निम्मं आटवलं, गार केलं आणि मगच भरून दिलं. परक्यांच्या हाती कच्चं पाणी कसं द्यायचं, बाई!

लेक संयुक्ता अण्णा नगरच्या प्रयोगशाळेत पाणीच तपासायची. घरामागे पूर्वी चामडं कमावायचे, म्हणून तिने बोअरच्या पाण्यात क्रोमियम शोधलं. लिटरमागे मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, आकडा आला ०.०८. बाटलीतलं पाणी आटवलेलं होतं हे कळल्यावर तिने कपाळाला हात लावला आणि स्वतः नळाखालून कच्चं पाणी नेलं. त्याचा आकडा ०.०४. मर्यादेच्या आत.

तिने दोन्ही आकडे शेजारी मांडले: पाणी निम्मं, क्रोमियम दुप्पट. उकळल्याने जंतू मरतात. क्रोमियम कुठे जाणार? पाणी वाफ होऊन उडतं, ते भांड्यातच राहतं. आणि उकळायला सांगितलं होतं कुणी? तिनेच! पुराच्या वर्षी, नोकरी नवी होती, काय तो तोरा! तेव्हापासून आई रोज पाणी आटवत होती. तिचे अप्पा, एकोजीराव, तीन वर्षांपासून डायलिसिसवर होते. मूत्रपिंडं या पाण्यानेच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पाण्याने गेली नाहीत, असंही म्हणाले नाहीत.

सांगणं भागच होतं. शेगडीवर आजचंही पातेलं खदखदत होतं.

"आई, गॅस बंद कर," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मीच पाजलं त्यांना?"

"मीच तुला उकळायला सांगितलं ना!"

"तू उकळायला सांगितलंस. आटवलं मी."

शेजारच्या खोलीतून एकोजीरावांची हाक आली, "अंबू, पाणी."

डायलिसिसमुळे त्यांना दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, त्यामुळे घोट घोट ते चवीने प्यायचे. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच अंबुजाबाई हाकेसरशी उठल्या नाहीत. संयुक्ताच विकतच्या कॅनचं पाणी घेऊन गेली. अप्पांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि भांडं परत केलं.

"हे नको ग. तुझ्या आईनं आटवलेलं दे. त्याच्यावरच तर तगलो मी इतकी वर्षं."

स्वयंपाकघरात अंबुजाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.