सरबताचा हिरवा जग

मित्रांनो, माझ्या रंगाचं कौतुक करणार असाल तर जरा थांबा. ते ऐकलं की हल्ली मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी मातीचा एक जुना जग आहे. आतून-बाहेरून हिरवागार, काचेसारखा गुळगुळीत. या रंगाच्या जोरावर मी खूप मिरवलो आणि या रंगापायीच माझी मान खाली गेली.

कुंभारानं मला चाकावर घडवलं, वाळवलं, भाजलं आणि मग एका झिलईच्या पातळ, करड्या काल्यात बुडवून काढलं. त्यात शिशाची पूड होती. शिसं घातलं की झिलई कमी आचेवर वितळते आणि चमकते छान. कुंभाराचे वडील तसंच करायचे, म्हणून तोही करत होता. पुन्हा भट्टीत भाजून मी हिरवागार निघालो, तेव्हा मला हातात घेऊन तो म्हणाला, "वा! अगदी नवरदेव दिसतोस." ती माझी पहिली शाबासकी. तिथूनच मी शेफारलो.

बाजारातून मला एका आजोबांनी घरी आणलं. ते शिंपी होते, पण डोळे अधू झाल्यावर शिवण सोडून घरी बसले होते. मुलगा आणि सून दिवसभर कामावर असत, त्यामुळे शाळेतून आलेल्या नातीला सांभाळणं हेच आता त्यांचं काम होतं. नातीचं तोंड म्हणून बंद नसायचं. आजोबा तिला टकळीच म्हणत. तिच्यासाठी ते सकाळीच लिंबं पिळून माझ्यात सरबत करून ठेवायचे, म्हणजे दुपारपर्यंत चांगलं मुरावं. "काचेच्या भांड्यात ही चव नाही यायची," असं ते शेजारणीलाही ऐकवत. शेजारीण मान डोलवायची आणि मी टेबलावर फुगून बसायचो.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. तो आंबट रस रोज माझं आतलं अंग खात होता. माझी आतली चमक मंदावत चालली होती आणि ते मला कळत होतं. पण ती चमक जाते कुठे, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मला काळजी फक्त माझ्या रूपाची! बाहेरून चकचकीत आहे ना, मग आत कोण डोकावतंय, अशी मी माझी समजूत घातली. मित्रांनो, ती झिलई टकळीच्या पोटात जात होती.

टकळीचं पोट दुखायला लागलं. जेवण जाईना, चेहरा पांढराफटक पडला, राग सतत नाकावर. येत असलेले पाढे ती विसरू लागली. शाळेतून तक्रार आली तेव्हा तिची आई वैतागली.

"अगं, काल सगळं पाठ होतं ना तुझं? मुद्दाम करतेस का?"

"नाही गं आई, मला आठवतच नाहीये," टकळी रडत म्हणाली.

"सूनबाई, रागावू नकोस तिला," आजोबा मध्ये पडले. "पोरगी अशक्त झालीय. मी बघतो तिच्याकडे."

त्यांनी बघितलं म्हणजे काय केलं, तर संध्याकाळचा आणखी एक पेला सुरू केला. टकळी नाक मुरडायची. मग ते गोष्टी सांगून, लाडीगोडी लावून तिला पाजायचे. आणि तो पेला भरायला वाकायचो मी.

शेवटी डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं. ते कुठून आलं हे शोधायला आरोग्य खात्यातल्या एक ताई घरी आल्या. त्यांनी खिडक्यांचा रंग खरवडून घेतला, नळ पाहिला, खेळणी पाहिली. आजोबा मागे मागे फिरत होते.

"उन्हातून आलात, आधी सरबत घ्या बघू," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यातून पेला भरला.

ताईंनी पेला ओठांपर्यंत नेला. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांनी तो न पिताच खाली ठेवला.

"आजोबा, हे रोज यातच करता?"

"रोज! आमच्या टकळीसाठी खास. हल्ली तर दोनदा देतो."

ताईंनी माझ्या आत बोट फिरवलं. आतली बाजू खरखरीत लागली. "याच्या झिलईत शिसं असावं," त्या हळूच म्हणाल्या. "तपासून घेऊ. तोवर यातलं काही देऊ नका."

तपासणीत ते खरं निघालं. आजोबा म्हणाले, "म्हणजे मीच पाजलं तिला?"

"बाबा, तुम्हाला कुठे माहीत होतं?" सून म्हणाली.

औषधानं आणि चांगल्या खाण्यानं टकळीचं पोट दुखायचं थांबलं. रक्तातलं शिसंही कमी होत गेलं. पण अभ्यासात मागे पडली ती पडलीच. सगळं भरून येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला धुवून कपाटावर ठेवलं आहे. कुणी आलं की आजोबा मला खाली काढून दाखवतात आणि "तुमच्याकडे असलं काही नाही ना?" असं विचारतात. टकळीला मात्र ते स्वतःच्या हातानं साधं पाणीही देईनासे झाले.

म्हणून सांगतो मित्रांनो, नुसत्या चमकेवर भाळू नका. झिलई कशाची आहे ते विचारा. सांगता येत नसेल, तर त्या भांड्यात फुलं ठेवा, खाणंपिणं नको. आणि चुणचुणीत मूल एकाएकी चिडकं, विसराळू झालं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

काल दुपारी टकळीनं काचेचं भांडं, लिंबं आणि सुरी आणून आजोबांपुढे ठेवली.

"आई फार गोड करते. तुम्ही करा."

"नको गं. आई आल्यावर करेल."

"मला तुमच्या हातचंच हवंय."

आजोबांनी ते भांडं उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग लिंबू चिरलं. सरबत करून पेला तिला दिला. टकळीनं तो एका दमात रिकामा केला, ओठ पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला. "अजून."

आजोबा डोळे पुसत तो भरू लागले. मी वरून बघत होतो. आपण रिकामे आहोत, याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.