काड्याच्या पेटीतला नमुना

पिवळसर तुकडा, दोन्ही टोकांना कापल्यासारखा चौकोनी, आणि त्यावर समान अंतराच्या बारीक आडव्या रेघा. पुष्पावतीने सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीतल्या उन्हाकडे किंचित वळवला. रेघा आणखी स्पष्ट झाल्या. काचपट्टी सरकवत तिने तसे सात तुकडे मोजले. मांसाचे तंतू होते ते, नीट न पचलेले.

तिने काड्याच्या पेटीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. बनुबाई, वय अठ्ठावन्न. शौचाचे नमुने गावोगावहून अशाच पेट्यांतून यायचे, वर दोऱ्याचे दोन वेढे घालून. पुष्पावती पुण्याला बी.एस्सी. होऊन मिरजगावच्या या छोट्या दवाखान्यात आली त्याला तीन वर्षं झाली होती. पेट्यांची तिला सवय होती. सवय नव्हती ती माळकरी बाईच्या पेटीत मांस सापडण्याची.

तीन दिवस मांस खाऊ नका असं तिने बजावलं तेव्हा बनुबाई खळखळून हसली होती. "मला सांगता व्हय बाई? बत्तीस वर्सं झाली माळ घालून."

पुष्पावतीने खुर्ची मागे सरकवली. बनुबाईच्या अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं; बोट टोचून ते तिनेच मोजलं होतं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पोटाचा फोटो काढा, असं डॉक्टर दिवाळीच्या आधीपासून सांगत होते. बनुबाई आधी दिवाळी होऊ द्या म्हणाली, मग संक्रांत होऊ द्या. आता माघ निम्मा सरला होता आणि ज्वारीची काढणी तोंडावर आली होती. पंधरा दिवसांपूर्वीच्या पहिल्या नमुन्यात रक्त निघालं नव्हतं, आणि तो कागद बनुबाईने घडी घालून कमरेच्या पिशवीत जपून ठेवला होता. डॉक्टरांना मात्र पटेना. आणखी एकदा बघा, म्हणाले. हाही नमुना स्वच्छ निघाला असता तर नगरचं नाव घरात पुन्हा निघालं नसतं.

'नमुना अपुरा' असं लिहून दुसरा मागवता आला असता. पण दुसराही असाच आला तर? तिने बनुबाईला आत बोलावलं. मागोमाग मुलगा कानिफनाथ आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"बनुबाई, या तीन दिवसांत जेवणात काय होतं?"

"काय असनार? भाकरी, पिठलं. एकदा शेपूची भाजी."

"मटण?"

बनुबाईचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"ओ बाई!" कानिफनाथ पुढे आला. "काय इचारताय, कुनाला इचारताय? आमच्याकडं जत्रेचं मटन असलं तरी अंगनात दगडं मांडून शिजवत्यात. येगळं पातेलं, येगळी पळी. आई त्या दिवशी अंगनात पाय ठेवत न्हाई. मशीन बिघडलंय तुमचं!"

"बिघडलेलं नाही. बघा हवं तर."

"मला काय कळतंय त्यातलं? माझ्या आईनं मटन खाल्लं असं लिवून देनार तुमी? गावात तोंड दाखवायचं का न्हाई तिनं?"

"मी तसं म्हटलंच नाही," पुष्पावती हळू आवाजात म्हणाली. "या पेटीतल्या माणसानं मांस खाल्लं आहे, एवढंच मला दिसतं. माणूस कोण, ते यात दिसत नाही."

बाहेर कंपाउंडर कुणालातरी बाटली धुऊन आणायला सांगत होता.

"गप र कानिफ," बनुबाई म्हणाली. माळ तिने मुठीत घट्ट धरली होती. "बाईंचं मशीन खरं बोलतंय. मी मटन खाल्लं न्हाई. ते माझं न्हाईच."

"मग कुनाचं?"

"छबूचं."

"माझ्या बायकूचं?" कानिफनाथचा चेहरा असा झाला की एरवी पुष्पावतीला हसू आवरलं नसतं. "आनि तिनं दिलं?"

"तिला वरडू नगंस. ती न्हाईच म्हनत हुती. मीच गळ्याची आन घातली. मागच्या टायमालाबी तिचंच हुतं." मग ती पुष्पावतीकडे वळली. "माझं काळं हाय, बाई. डांबरावानी. दसऱ्यापासनं. माझ्या आईचं असंच झालं आनि दोन महिन्यांत ती गेली. म्हटलं, बघितलंच न्हाई तर कोन सांगनार?"

कानिफनाथ आईजवळच्या बाकावर येऊन बसला.

"तुमच्या आईला कुठं दाखवलं होतं?" पुष्पावतीने विचारलं.

"कुठं दाखवनार तवा? वैद्यबी न्हवता."

"म्हणजे त्यांना काय झालं होतं ते कुणालाच माहीत नाही. मग तुम्हाला तेच झालंय, हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"उद्या माझी पेटी आनते," बनुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटी घेऊन आली आणि बाहेर बसेना. "हितंच बसते. काय करताय ते मला बघू द्या." पुष्पावतीने स्टूल पुढे केलं. आधी कोऱ्या कागदावर रसायनाचे थेंब टाकून दाखवले. रंग बदलला नाही. मग नमुन्याचा ठिपका ठेवून तेच थेंब टाकले. एक, दोन, तीन आकडे मोजेपर्यंत कागद गर्द निळा झाला.

"निळं म्हंजी?"

"रक्त आहे. तुम्ही मांस खात नाही, म्हणून ते तुमचंच. रक्त वाढायच्या गोळ्या खाल्ल्या तरी काळं होतं, पण तुम्ही त्या अजून सुरू केलेल्या नाहीत."

"कुठनं येतंय?"

"काळं आहे, म्हणजे बहुतेक वरून, जठराकडून. पण जखमेतून येतंय की आणखी कशातून, ते हा कागद सांगत नाही."

कानिफनाथ दारातच उभा होता. आज त्याचा आवाज खाली होता. "कॅन्सर हाय का, बाई?"

"मला माहीत नाही. नुसतं जठरात व्रण पडला असेल तरी कागद एवढाच निळा होतो, आणि तो औषधानं बरा होऊ शकतो. दुसरं काही असलं तरीही एवढाच निळा. उद्या कदाचित निळा होणारही नाही, कारण रक्त रोज येतंच असं नाही. माझं काम इथं संपतं. पुढचं नगरला, फोटोत दिसेल."

"आन फोटोत वाईट दिसलं तर?"

"तर काय करायचं ते कळेल. आज तेवढंही कळत नाही."

बनुबाई कागदाकडे बघत राहिली. कडेने तो आता तपकिरी पडू लागला होता. तिने कमरेची पिशवी सोडली, पंधरा दिवसांपूर्वीचा तो घडी घातलेला कागद बाहेर काढला आणि टेबलावर पुष्पावतीपुढे सरकवला.

"ह्यो छबूचा हाय. तिच्या नावावर करा. तिला तरी काय झालेलं न्हाई."

"आई, काढनी झाली की..." कानिफनाथने सुरुवात केली.

"काढनी छबू न् तिची बहीन करतील," बनुबाई म्हणाली. "तू उद्या सकाळच्या एस्टीनं मला नगरला ने."